सोवळ्याचं पाणी

त्या सकाळी आम्ही दोघांनी नळी धुतली. बोटाएवढी जाड, आरपार दिसणारी, चार हात लांब. मागच्या ओट्यावर ही पाटावर बसलेली आणि मी उभा. आधी साबणाच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने, मग पावडरीच्या पाण्याने. पावडरीचं पाणी नळीत भरलं, एक टोक हिच्या हातात, एक माझ्या, आणि दोन्ही टोकं वर धरून दहा मिनिटं थांबायचं.

घड्याळ ही बघायची नाही. दहा मिनिटं म्हणजे हिच्या मापाने एका माणसाची पुरती निंदा. ज्याचा नंबर लागला त्याचं जन्मापासून आजपर्यंतचं सगळं काढायचं, ते संपलं की दहा मिनिटं झाली. मी एकदा हातातल्या घड्याळावर ताडून पाहिलं, चुकली तर अर्ध्या मिनिटाने. त्या दिवशी नंबर माझ्या बहिणीचा होता, आक्काचा.

निंदा संपली. पाणी सोडून दिलं. मी नळी पंचाने पुसेन म्हणून हिने सवयीने डोळे वटारले. मी पुसत नव्हतो, पण ही पस्तीस वर्षं त्याच वेळी डोळे वटारत आली. नळी खिळ्याला निथळत टांगली.

"वाइन उद्या सकाळी ओढून घेऊ," ही म्हणाली. "आज गाळ बसू दे नीट."

मग ही तांदूळ निवडायला बसली. अकराच्या सुमाराला भिंतीला टेकली ती टेकलीच. रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. मुलगा वापीला असतो, तो तासाभरात आला. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून घरी आलो. ह्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहायचं ते तिच्याबद्दल लिहितो.

नाव लिहीत नाही. जन्मभर नावाने हाक मारली नाही, आता कागदावर काय मारू? ही म्हणजे ही.

ही जांभळाची वाइन करायची. कुणाला दारू म्हणायचं असेल तर म्हणा, माझं काही जात नाही. इथे सिल्वासात बंदी नाही, दारूची दुकानं रांगेने आहेत आणि शनिवारी गुजरातेतली वापी-वलसाडची माणसं तोंड लपवून इकडे येतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. एक बाई आपल्या ओट्यावर वर्षाला वीस लिटर जांभूळ आंबवते आणि वाटून टाकते, तिला मात्र सगळे म्हणणार. वाटून म्हणजे खरंच वाटून. हिने एक बाटली कधी विकली नाही. शेजारच्या गुजराती काकींना द्यायची, रिक्षावाल्याला द्यायची, मला दिवाळीला अर्धा ग्लास. मुलाला मात्र बाटली नेता यायची नाही, गुजरातेत बंदी. "बाटली नको नेऊ," ही त्याला म्हणायची, "पोटात घालून ने. नाक्यावर पोट कोण तपासतो?"

पण वाइन हे हिचं वेड नव्हतं. वेड होतं धुण्याचं. वाइन हिने केली ती धुवायला भांडी हवीत म्हणून, असं माझं पक्कं मत आहे.

ही डहाणूकडची. लहानपणी एका बागायतदाराच्या घरी भांडी घासायला होती. नारळाची शेंडी आणि राख घेऊन अशी घासायची की त्यात तोंड दिसावं. आणि त्या घरची बाई ती भांडी आत न्यायच्या आधी त्यांच्यावर तांब्याने पाणी मारायची. भांडी स्वच्छ होतीच, धुवायचा होता तो हिचा हात. हे हिने मला लग्नाच्या आधी सांगितलं, रडत वगैरे नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. म्हणाली, "भांडं साफ झालं, पण सोवळं नाही झालं. मी तेव्हापासून विचार करते, त्या पाण्यात असं काय होतं?"

उत्तर हिला अथाल गावाजवळच्या सरबताच्या कारखान्यात मिळालं. मी तेव्हा धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला होतो आणि ही तिथे बाटल्या धुवायला. पहिल्याच दिवशी हिने बाटल्या लख्ख धुऊन ठेवल्या, तर तिथले म्हातारे केमिस्ट साहेब म्हणाले, साफ वेगळं आणि सॅनिटाइज वेगळं. डोळ्याला दिसत नाही ते अजून बाटलीत बसलंय. त्यांनी ह्या पावडरीचं पाणी करून दाखवलं. हिला तो इंग्रजी शब्द तोंडात बसेना. ही म्हणाली, "म्हणजे सोवळं." साहेब हसले, म्हणाले, सोवळंच समज. मग हिने विचारलं, "बाटलीला हात कोणाचा लागलेला चालतो?" साहेब म्हणाले, "हात कोणाचाही चालेल बाई. बुडवलेला पाहिजे."

हे वाक्य ही घरी घेऊन आली. कुणी मंदिरातून प्रसाद आणतो तसं आणलं. हात कोणाचाही चालेल, बुडवलेला पाहिजे. पुढे कारखाना बंद पडला, साहेब त्यांच्या मुलाकडे गेले, वाक्य आमच्या घरी राहिलं. कारखान्याचं सामान निघालं तेव्हा अर्काचे दोन मोठे काचेचे जार हिने डोक्यावरून घरी आणले आणि आमचा मागचा ओटा त्या दिवसापासून हिचं देवघर झाला.

त्या पावडरीचं खरं नाव लांबलचक आहे, मला येत नाही. दुकानात केएमएस म्हटलं की देतात, सरबत टिकवायला लोक वापरतात तीच. चार लिटर पाण्यात चहाचे आठ चमचे आणि वर एक चमचा लिंबूफूल, म्हणजे लिंबूसत्त्व. लिंबूफुलाने तिला धार येते. चमचा प्लास्टिकचा, स्टीलला हे पाणी खातं. काम उघड्यावर करायचं. वाकून वास घ्यायचा नाही, हाताने वारा घालून नाकाकडे आणायचा. नाकाला झोंबला तर पाणी जिवंत. नाही झोंबला तर ओतून द्या, नवीन करा. "वास मेला की पाणी मेलं," असं ही म्हणायची. आणि दम्याच्या माणसाने जवळपास फिरकायचं नाही. आमच्या मुलाला लहानपणी दमा होता. ही ओट्यावर पावडर काढायच्या आधी त्याला दोन घरं सोडून पाठवायची. त्याला वाटायचं आई आपल्याला हाकलते. ते त्याच्या मनात अजून आहे.

सगळ्यात मोठा नियम म्हणजे पुसायचं नाही. पावडरीच्या पाण्यातून काढलेली वस्तू निथळू द्यायची. टॉवेल स्वच्छ दिसतो पण तो अख्ख्या घराची घाण पुसून आलेला असतो. "पुसलं की गेलं." हिची ही सवय इतकी वाढली की जेवून हात धुतले तरी ही टॉवेल घ्यायची नाही, हवेत हात झटकत अंगणात फिरायची. नवीन माणसाला वाटायचं बाई कुणाला तरी टाटा करतेय. कोरोनात सगळं गाव हाताला बाटलीतलं पाणी चोळायला लागलं तेव्हा ही गेटवर उभी राहून बघायची आणि म्हणायची, "आता आली अक्कल. पण बघा, चोळलं आणि लगेच पँटला पुसलं! अर्धीच आली."

हा नियम मी कसा शिकलो ते सांगतो, माझीच अब्रू आहे, जाऊ दे. पहिल्या वर्षी नळी धुऊन हिने माझ्या हातात दिली. मी गृहस्थपणा म्हणून खांद्यावरच्या पंचाने ती पुसली, टोकाला पीळ देऊन आतूनसुद्धा पुसली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. दोन महिन्यांनी जार उघडला तर वीस लिटर शिर्का, म्हणजे व्हिनेगर. वास असा की मांजर ओट्यावरून गेलं ते परत आलं नाही. हिने विचारलं, "नळी पुसली होती?" मी म्हटलं, "थोडी." ही आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी त्या शिर्क्यात कांदे घालून हिने ताटात वाढले आणि म्हणाली, "घ्या, तुमचा पंचा." वर्षभर, दोन्ही वेळच्या जेवणाला, तेच. पाहुण्यांसमोर सुद्धा. "ह्यांना पंचा वाढा अजून."

दुसरी गोष्ट गुरुजींची. आम्ही हे घर बांधलं तेव्हा सत्यनारायण घातला. पावडरीच्या पाण्याचे दोन पांढरे कॅन ओट्यावर असायचे. पाहुण्यांनी पिऊ नये म्हणून त्यावर नाव घाला असं ही मला म्हणाली. मी चौथी शिकलेला, पण अक्षर बरं आहे. मी विचारलं, "काय लिहू?" ही म्हणाली, "लिहा, सोवळं." मी निळ्या रंगाने ठसठशीत लिहिलं. मी आयुष्यात लिहिलेली एवढी एकच पाटी.

पूजेच्या दिवशी गुरुजी पाटावर बसले आणि म्हणाले, "यजमान, सोवळ्यातलं पाणी आणा." घरात पन्नास माणसं, हिची धावपळ, मी आपला ओट्यावर गेलो. समोर कॅन, कॅनवर माझ्याच अक्षरात सोवळं. भरला तांब्या, दिला. गुरुजींनी आचमनाला पळी तोंडाजवळ नेली आणि नाकात भपकारा गेला. पळी उडाली एकीकडे, गुरुजी दुसरीकडे. शिंका, खोकला, डोळ्यांतून धारा. "अहो हे काय आहे? गंधक?" सगळे माझ्याकडे बघतात आणि मी तांब्याकडे.

ही आतून आली. दुसरी बाई असती तर पाया पडली असती. हिने गुरुजींना आधी खिडकीशी नेलं, साध्या पाण्याने चूळ भरायला लावली, आणि मग म्हणाली, "चूक आमच्या ह्यांची. पण गुरुजी, ह्याच्याहून सोवळं पाणी तुम्हाला सबंध सिल्वासात मिळायचं नाही. ह्यात कोणाचाही हात बुडवा, तो सोवळा."

गुरुजी भला माणूस. डोळे निथळत होते तरी हसले. म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र आमच्यापेक्षा कडक आहे." पुढे दर वर्षी लोणच्याच्या बरण्या धुवायला त्यांच्या घरून आमच्याकडे कॅन यायचा.

आक्का मात्र त्या दिवशी हसली नाही. आक्का माझी थोरली बहीण, खानदेशातून माझ्या मागे आली आणि जवळच्या गलोंडा गावी राहिली. लग्न आमचं आम्ही केलेलं, हिच्या घरचं सगळं वेगळं. आक्काने पहिली कित्येक वर्षं हिच्या हातचं पाणी घेतलं नाही. येताना पिशवीत बाटली आणायची. पुढे वयाने आणि उन्हाने ती बाटली बंद झाली, चहासुद्धा घ्यायला लागली, पण ओट्यावर कधी पाय ठेवला नाही. "ती दारूची जागा," म्हणायची. आणि ही उलट टोला द्यायची, "आक्का, या की, हात बुडवा, तुम्हाला पण सोवळ्यात घेते." दोघींचं असं तीस वर्षं चाललं.

तर आता दुसरी सकाळ.

घरात दिवा लावलेला. मुलगा पुढच्या खोलीत फोनवर. आक्का रात्रभर इथेच होती. मी उठलो, चहा घेतला, आणि ओट्यावर गेलो. खिळ्याला नळी तशीच टांगलेली, कोरडी. जार तसाच. झाकणाच्या बारीक नळीतून आदल्या दिवसापर्यंत बुडबुडा येत होता. मला वाटलं, थांबला असेल. तो आला. टुप. जरा वेळाने पुन्हा एक. मला राग आला, खरं सांगतो. हिचा श्वास थांबला आणि ह्याचा चालू.

मुलगा मागच्या दाराशी आला. "पप्पा, दुपारपासून गावची माणसं येतील. हा जार मी गटारीत रिकामा करून घेतो. बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "काय बरं दिसत नाही?"

"आईचं सूतक चालू आहे आणि मागे दारू आंबतेय. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी दर दिवाळीला बाटल्या नेल्या तेव्हा काय म्हणाले होते?"

त्याच्या मागून आक्का. आक्का चिडली की अहिराणीत बोलते. "भाऊ, काय करी राह्यना तू? सूतक शे घरमा. कशालेच हात लावानं नई. काल बायको गयी तुनी, आज तुले दारू सुचस?"

मी टबात पावडरीचं पाणी ओतत होतो. कॅन आदल्या दिवशीचा, हिने भरलेला. हाताने वारा घातला. झोंबलं. जिवंत होतं. मुलगा खोकायला लागला तसा मी ओरडलो, "तू आत जा! दार लाव! तुझ्या आईने तुला ह्या वासाजवळ कधी उभं राहू दिलंय का?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला. दार त्याने हळू लावलं, आक्का बाहेर पायरीवर राहिली.

आक्काला मी म्हटलं, "ऐक. गाळ खाली बसलाय. ही म्हणाली, उद्या सकाळी ओढून घेऊ. ती उद्या म्हणजे आज. गाळावर राहिली तर वाइन खराब होते. तेरा दिवस मी थांबेन, गाळ थांबत नाही. सूतक म्हणतेस ना? हे बघ." आणि मी दोन्ही हात कोपरापर्यंत टबात घातले. "हे माझं सूतक. बुडवलं. आता बोल."

आक्का पायरीवरून हलली नाही.

आता अडचण अशी की हे काम एका माणसाचं नाही. नळीचं वरचं टोक जारात गाळाच्या चार बोटं वर धरावं लागतं आणि खालचं टोक रिकाम्या जारात. तोंडाने ओढायचं नाही, तोंड म्हणजे गटार असं ही म्हणायची. नळी आधी उकळून गार केलेल्या पाण्याने भरायची, खालच्या टोकाला बोट लावायचं, वरचं टोक जारात सोडायचं आणि मग बोट काढायचं. वरचं टोक पस्तीस वर्षं हिच्या हातात. मी खालचा माणूस.

आणि त्याच्या आधी नळी परत पावडरीच्या पाण्यात हवी, रात्रभर उघडी टांगलेली होती. मी एकट्याने पाणी भरून दोन्ही टोकं धरायला गेलो तर एक टोक निसटलं आणि पाणी ओट्यावर. परत भरलं, परत निसटलं.

मागून आवाज आला. "वरलं टोक मी धरू का?"

मी वळून पाहिलं नाही. म्हटलं, "आधी हात बुडव."

आक्का ओट्यावर आली. बांगड्या वर सरकवल्या. टबाशी जरा थांबली, मग दोन्ही हात पाण्यात घातले. बाहेर काढले आणि सवयीने पदराकडे नेले.

"पुसू नको!"

मी इतक्या जोरात ओरडलो की ओट्यावरची चिमणी उडाली. तो आवाज माझा नव्हता, हिचा होता. आक्का हात तसेच पुढे धरून उभी राहिली, मनगटातून पाणी टपटपत. एक टोक तिच्या हातात दिलं, एक मी धरलं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"दहा मिनिटं."

"कळणार कसं? घड्याळ आतमा शे."

मी सांगितलं, कसं कळतं ते. आणि काल कोणाचा नंबर होता तेही सांगितलं. वाटलं, नळी टाकून जाईल. आक्काने तोंड वाकडं केलं.

"मनी निंदा करी ना तिनी? बरं. आता मनी पाळी."

आणि आक्का बोलायला लागली: भलती हट्टी बाई. पहिल्या दिवसापासून हट्टी. पुरणपोळीत जायफळ घालू नको म्हटलं तर मुद्दाम दुप्पट घालायची. माझ्या पाण्याच्या बाटलीवरून एक शब्द बोलली नाही कधी, ती बाटली मात्र जाताना भरून द्यायची, आणि मी ती रस्त्यात ओतून द्यायची, हे तिला माहीत होतं तरी भरून द्यायची. माझा मालक गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरची भांडी हिने घासली, मी साधं बस म्हटलं नाही, तरी ही रोज गलोंड्याला आली. अशी कशी बाई? माणसाने एकदा तरी भांडावं की नाही?

पावडर डोळ्यांना लागत होती. आक्काच्या गालावरून पाणी ओघळत होतं, माझ्याही. हात दोघांचे सोवळ्यात होते. कोणी पुसलं नाही.

पुढच्या दारी कोणीतरी आलं. मुलाचा आवाज ऐकू आला, "बसा. पप्पा मागे आहेत, आईचं काम करताहेत."

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. आक्काचं संपलं नव्हतं. ते संपेपर्यंत मी टोक वर धरून उभा राहिलो, आणि मग आम्ही ओढायला घेतली.